विजेचा हिशेब आणि भाचीचा हट्ट



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. पोटापाण्यासाठी कारकुनी करतो आणि संध्याकाळी वस्तीतल्या अभ्यासिकेचे काम पाहतो. व्हाउचर, खतावणी, ताळेबंद हा माझा प्रांत. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. असा माणूस आज तुम्हाला विजेच्या एका यंत्राबद्दल सांगणार आहे, याचे नवल वाटेल. पण या यंत्राचे मर्म हिशेबातच आहे, आणि हिशेब कोणता भरला, कोणता बुडाला, हे मला थोडेफार कळते.

हे यंत्र तुमच्या घरातही आहे. मोबाईलच्या चार्जरमध्ये आहे, टीव्हीत आहे, सेट टॉप बॉक्सच्या काळ्या डबीत आहे, बऱ्याच एलईडी बल्बांच्या बुडातही आहे. त्याला स्विचिंग रेग्युलेटर म्हणतात. दुरुस्तीच्या दुकानात त्यालाच एसएमपीएस म्हणतात, आणि टीव्हीचे जुने मेकॅनिक त्यातल्या ट्रान्सफॉर्मरला ‘चॉपर’ म्हणतात. आपण ते रोज वापरतो, बिघडले की फेकून देतो. ते कोणीतरी बसून, आकडे मांडून तयार केलेले असते, हा विचार आपल्या मनात येत नाही. माझ्याही आला नव्हता. तो माझ्या भाचीने आणला.

आमची अभ्यासिका विहारालगतच्या एका खोलीत भरते. आठ टेबले, प्रत्येक टेबलावर दोन मुले. ऐन परीक्षेच्या दिवसांत संध्याकाळी वीज जाते. म्हणून वर्गणी काढून आम्ही १२ व्होल्टची, ७ अँपिअर-अवरची एक बॅटरी घेतली आणि प्रत्येक टेबलावर ५ व्होल्टवर चालणारा एक छोटा दिवा ठेवला. बॅटरी १२ व्होल्टची आणि दिवे ५ व्होल्टचे, म्हणून मध्ये एका ओळखीच्या मेकॅनिकने जुन्या पद्धतीचा रेग्युलेटर बसवून दिला. तो ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्यावर बसवलेला होता. पत्रा इतका तापे की सहावीतल्या एका मुलाचे बोट भाजले. आणि अडीच तासांत बॅटरी संपे. साडेसहाला वीज गेली की नऊ वाजता अंधार. बारावीची मुले मेणबत्ती लावत.

माझी भाची तेव्हा तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला होती. एकदा तिने तो पत्रा पाहिला आणि म्हणाली, “मामा, ही बॅटरी मुलांच्या दिव्यांना कमी आणि या पत्र्याला जास्त वीज देते आहे.”

मी म्हणालो, “असे कसे? दिवे तर लागतात.”

तिने वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. प्रत्येक दिव्याला पाव अँपिअर, आठ दिव्यांना २ अँपिअर. ५ व्होल्ट गुणिले २ अँपिअर म्हणजे दिव्यांना १० वॅट. पण जुन्या पद्धतीच्या रेग्युलेटरमधून जेवढा प्रवाह दिव्यांना जातो तेवढाच बॅटरीतून निघतो. १२ गुणिले २ म्हणजे २४ वॅट. मधले १४ वॅट कुठे गेले? उष्णता होऊन पत्र्यात गेले. म्हणजे १०० रुपयांतले ४२ रुपये कामाला आणि ५८ रुपये चुलीत. माझ्या कचेरीत असा हिशेब कोणी दिला असता तर त्याची चौकशी लागली असती!

“मग यावर उपाय?”

“वीज जाळून कमी करायची नाही, मामा. तुकडे करून मोजून घ्यायची.”

हे तुकडे कसे करायचे, ते तिने मला तीन रात्री समजावले. मी ते माझ्या भाषेत सांगतो.

समजा, बॅटरी आणि दिवा यांच्यामध्ये एक बटण आहे. ते अर्धवट कधीच नसते. एक तर पूर्ण चालू, नाही तर पूर्ण बंद. बंद असताना प्रवाहच नाही, म्हणून उष्णता नाही. पूर्ण चालू असताना बटण जवळजवळ काहीच अडवत नाही, म्हणून उष्णता थोडीच. आता हे बटण १०० क्षणांपैकी ४२ क्षण चालू आणि ५८ क्षण बंद ठेवले, तर १२ व्होल्टची सरासरी ५ व्होल्ट येते. या प्रमाणाला ड्युटी सायकल म्हणतात. सगळे सूत्र एवढेच: हवे ते व्होल्ट भागिले असलेले व्होल्ट. हातचे धरावे तसे सुट्या भागांतले थोडे नुकसान धरून प्रत्यक्षात हे प्रमाण जरा वाढवावे लागते.

पण दिव्याला असे धक्क्याधक्क्याने कसे चालेल? इथे कॉइल येते. आपल्या आया जात्यावर दळत, तेव्हा हाताचा जोर सतत सारखा नसे, तरी वरची पाळ फिरतच राही. कॉइलचे तसेच आहे. तिच्यातला प्रवाह एकदम थांबत नाही. बटण चालू असताना ती ऊर्जा साठवते. बटण बंद झाले की तीच ऊर्जा एका डायोडच्या वाटेने पुढे लोटत राहते. त्यापुढे असतो कपॅसिटर. तो आपल्या दारातल्या रांजणासारखा. नळाला पाणी दोन तास येते, पण रांजण असला की घराला दिवसभर पुरते.

आणि बटण किती वेळ चालू ठेवायचे हे कोण ठरवते? त्यासाठी आतमध्ये एक हिशेबनीस बसलेला असतो. तो बाहेर पडणारे व्होल्ट सारखे तपासतो, आपल्याजवळच्या ठरलेल्या मापाशी ताडून पाहतो, कमी पडले तर बटण जरा जास्त वेळ चालू ठेवतो, जास्त झाले तर जरा कमी. तिने निवडलेल्या आयसीत हे माप १.२३ व्होल्टचे होते आणि बटण सेकंदाला दीड लाख वेळा चालू-बंद होत होते. दीड लाख वेळा ताळा जुळवणारा कारकून मी आयुष्यात पाहिला नाही.

ही विद्या फार जुनी नाही. वेगाने चालू-बंद होणारे ट्रान्झिस्टर १९७० च्या दशकात स्वस्त झाले, तेव्हा तिला बळ आले. अमेरिकेत रॉबर्ट ममानो यांनी सिलिकॉन जनरल या कंपनीत हा हिशेबनीस एकाच चिपवर बसवला. १९७६ साली ती चिप बाजारात आली. त्याच वर्षी मिडलब्रुक आणि चुक या दोन संशोधकांनी अशा यंत्राचे गणित मांडण्याची सोपी रीत दाखवली. १९७७ च्या ॲपल-२ संगणकात रॉड होल्ट यांनी केलेला असाच पॉवर सप्लाय होता. त्यामुळे तो संगणक हलका राहिला आणि त्याला पंखा लागला नाही. आपल्याकडे १९८२ साली रंगीत टीव्ही आले आणि त्यानंतर टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांच्या तोंडी ‘चॉपर’ हा शब्द बसला. दुरुस्ती आपण शिकलो. ते आखायचे कसे, हे फार थोडे शिकले.

भाचीने ठरवले की शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट हाच करायचा. अभ्यासिकेसाठी १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा, २ अँपिअर देणारा रेग्युलेटर स्वतः आखायचा.

इथे घरात वाद सुरू झाला. शहरात प्रोजेक्ट तयार मिळतात, हे अनेक पालकांना माहीत असेल. पैसे टाकले की यंत्र, छापील वही आणि तोंडी परीक्षेची उत्तरे, सगळे हातात. तिच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांनी ते घेतले होते. माझी अक्का अंगणवाडीत मदतनीस आहे. ती बचत गटातून चार हजार रुपये उचलायला निघाली. मला म्हणाली, “तू तिला नादी लावू नकोस. पोरगी नापास झाली तर एक वर्ष गेलं. एक वर्ष म्हणजे काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे.” दाजी रात्रपाळीचे वॉचमन. ते काही बोलले नाहीत, पण त्यांचाही कल तिकडेच होता.

अक्काचे चुकत होते असे मी म्हणणार नाही. ज्या घरात दोन्ही पगार महिन्याच्या वीस तारखेला संपतात, त्या घराला धोका पत्करणे परवडत नाही. मी दोघींच्या मध्ये उभा होतो. शेवटी भाची म्हणाली, “आई, विकतच्या यंत्रावर मला मार्क मिळतील. पण कंपनीत गेल्यावर मला कोणी विचारलं की ही कॉइल एवढीच का, तर मी काय सांगू? मग मला आयुष्यभर डब्यात स्क्रूच बसवायला लावतील.” अक्का उठून आत गेली. पण चार हजार तिने उचलले नाहीत.

आता तिचे आकडे सांगतो. १२ व्होल्टची बॅटरी नेहमी १२ व्होल्ट नसते. भरताना ती १४.४ पर्यंत चढते आणि उतरता उतरता १०.५ पर्यंत येते. आखणी नेहमी सगळ्यांत वाईट स्थिती धरून करायची, हा तिच्या सरांचा पहिला धडा. म्हणून तिने १४.४ धरले. कॉइल ३३ मायक्रोहेन्रीची घेतली. दीड लाख वेळा चालू-बंद होताना तिच्यातला प्रवाह किती वर-खाली होईल? उत्तर आले सुमारे ०.६६ अँपिअर. म्हणजे सरासरी २ अँपिअर असताना शेंड्यावर २.३३ अँपिअर. तिने २.५ अँपिअर झेपणारी कॉइल घेतली. डायोड मात्र साधा चालत नाही. घरोघरच्या ॲडॉप्टरमध्ये असतो तो १एन४००७ सेकंदाला ५० फेऱ्यांच्या कामाचा. इतक्या वेगाने तो मिटत नाही आणि तापतो. तिने १एन५८२२ हा शॉटकी जातीचा डायोड लावला. बाहेरच्या बाजूला २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

आयसी तिने जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका दुकानातून आणली. स्वस्त मिळाली. सोल्डरिंग केले, बॅटरी जोडली. पाच व्होल्ट बरोबर आले. एक दिवा लावला, ठीक. चार दिवे लावले, ठीक. आठवा दिवा लावला तेव्हा कॉइल किरकिरायला लागली, हाताला चटका बसू लागला, आणि व्होल्ट चारच्या खाली घसरले. तपासणीला अठरा दिवस उरले होते.

ती त्या रात्री जेवली नाही. अक्का मला एवढेच म्हणाली, “बघ.” त्या एका शब्दात सगळे होते.

दुसऱ्या दिवशी तिने सगळा हिशेब पहिल्यापासून तपासला. चूक सापडली नाही. खतावणी बरोबर आणि रोकड मात्र कमी, अशी स्थिती. आम्हा कारकुनांचा एक नियम आहे: बेरीज बरोबर असेल तर मूळ पावत्या पाहाव्यात. मी तिला तेवढेच सांगितले. ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेली आणि ऑसिलोस्कोपवर बटणाची खरी गती पाहिली. आयसीवर छापले होते त्याप्रमाणे ती दीड लाख हवी होती. निघाली बावन्न हजार!

आयसी नकली होती. जुन्या, संथ जातीच्या चिपवर नवे नाव छापून कोणीतरी ती विकली होती. गती तिपटीने कमी म्हणजे प्रत्येक वेळी बटण तिप्पट वेळ चालू. तेवढ्या वेळात कॉइलमधला प्रवाह ०.६६ ऐवजी १.९ अँपिअरने चढत होता आणि शेंडा जवळजवळ ३ अँपिअरवर जात होता. कॉइल २.५ झेपणारी. फेराइटचा गाभा एका मर्यादेपर्यंतच चुंबकत्व धरतो. त्यापुढे तो भरून जातो, मग कॉइल ही कॉइल राहत नाही, नुसती तार होते, आणि प्रवाह उसळतो. आयसीत प्रवाहाची मर्यादा सांभाळणारी सोय होती म्हणून ती जळली नाही, तिने हात आखडता घेतला आणि व्होल्ट पडले.

वाचकांनो, मला त्या दिवशी एक गोष्ट पटली. प्रोजेक्ट विकत घेतलेला असता तर हे कोडे तिला सुटले नसते. ज्याने स्वतः आकडा काढला आहे, त्यालाच कळते की समोर दिसणारा आकडा खोटा आहे. शिक्षणाचा अर्थ यापेक्षा वेगळा काय असतो?

तिने भरवशाच्या विक्रेत्याकडून खरी आयसी मागवली आणि या वेळी कॉइल ४ अँपिअर झेपणारी घेतली, मधे अंतर राहावे म्हणून. बोर्डही नव्याने आखला. बटण, डायोड आणि आतल्या बाजूचा कपॅसिटर यांच्यामधली तांब्याची वाट तिने शक्य तितकी आखूड आणि रुंद ठेवली, कारण तिथे प्रवाह क्षणात उसळतो आणि क्षणात थांबतो. वाट लांबली की आवाज करतो आणि शेजारच्या रेडिओलाही त्रास देतो. व्होल्ट तपासणारी बारीक वाट कॉइलपासून दूर नेली, म्हणजे हिशेबनिसाच्या कानात गोंगाट जाणार नाही. कपॅसिटर गरम भागापासून लांब ठेवला. अशा कपॅसिटरचे तापमान दहा अंशांनी कमी ठेवले तर त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. दुकानात फुगलेले कपॅसिटर आपण पाहतो, त्यातले बरेचसे उष्णतेने गेलेले असतात.

एक गोष्ट तिने मला मुद्दाम सांगितली. हिशेबनीस फार उतावळा असला तरी चालत नाही. भाजीत मीठ कमी पडले म्हणून मूठभर टाकायचे, खारट झाली म्हणून तांब्याभर पाणी ओतायचे, असे केले तर भाजी कधीच जमत नाही. व्होल्टही तसेच वर-खाली झुलत राहतात. म्हणून किती सुधारणा किती वेगाने करायची, हे आखावे लागते. या आयसीला बाहेरचा कपॅसिटरही विशिष्ट गुणाचा लागतो. त्याचा अंतर्गत विरोध जास्त असून चालत नाही, आणि अगदीच नगण्य असूनही चालत नाही.

तपासणीच्या चार दिवस आधी नवा बोर्ड अभ्यासिकेत बसला. आठही दिवे लागले. व्होल्ट ४.९ वर स्थिर. बॅटरीतून २ अँपिअरऐवजी १ अँपिअरच्या जरा वर प्रवाह. १० वॅट देण्यासाठी साडेबारा वॅट घेणे म्हणजे शंभरातले ऐंशी कामाला. जिथे १४ वॅट जळत होते, तिथे अडीच जळू लागले. मी घड्याळ लावून बसलो. अडीच तासांची बॅटरी पाच तास दहा मिनिटे चालली.

अक्का त्या संध्याकाळी मुद्दाम आली होती. तिला व्होल्ट-अँपिअर कळत नाहीत. तिने पेटीवर हात ठेवला, जिथे पूर्वी त्या मुलाचे बोट भाजले होते. थोडा वेळ तसाच ठेवला आणि म्हणाली, “कोमट आहे की गं.” मग ती एका टेबलाजवळ बसली आणि मुले काय वाचतात ते पाहत राहिली.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, “कॉइल एवढीच का घेतली?” तिने खडू मागून घेतला आणि फळ्यावर गणित केले. पुढे ती नोकरीला लागली आहे, चार्जरच्या आखणीच्या विभागात, शिकाऊ म्हणून. पगार मोठा नाही. पण ती जिथे बसते तिथे स्क्रू बसवायचे नसतात, स्क्रू कुठे बसवायचा ते ठरवायचे असते.

आता पालकांसाठी दोन शब्द. पहिला सावधगिरीचा. अभ्यासिकेतला रेग्युलेटर १२ व्होल्टवर होता, म्हणून शिकण्यासाठी योग्य. घरातल्या २३० व्होल्टवर चालणाऱ्या चार्जरच्या किंवा टीव्हीच्या पॉवर सप्लायमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि पिन काढल्यावरही काही वेळ कपॅसिटरमध्ये राहू शकतात. तो झटका जीव घेऊ शकतो. माहीतगार माणूस शेजारी असल्याशिवाय मुलांना ते उघडू देऊ नका. अनुभवी मेकॅनिकसुद्धा दुरुस्तीनंतर पहिल्यांदा वीज देताना सिरीजमध्ये बल्ब लावतात. ते उगाच नाही.

दुसरा शब्द असा. हे शिकायला मोठे पैसे लागत नाहीत. आयसी बनवणाऱ्या कंपन्या तिची सविस्तर पुस्तिका फुकट देतात. डेटाशीट म्हणतात तिला. तीस-चाळीस पानांत सूत्रे, नकाशे, कॉइल निवडण्याची रीत, सगळे असते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक राहिलेल्या व्ही. रामनारायणन यांच्या याच विषयावरच्या व्याख्यान-टिपणांवर अनेकांनी हा विषय शिकून घेतला आहे. एक मल्टिमीटर, एक सोल्डरिंगची कांडी, जुनी बॅटरी आणि भरपूर कोरी पाने एवढ्यावर सुरुवात होते. अडचण इंग्रजीची येते, हे खरे. आमच्या अभ्यासिकेत आता दर रविवारी भाचीच डेटाशीटचे एकेक पान मराठीतून समजावते. सध्या पाच मुले येतात. त्यांत तीन मुली आहेत.

मुलगा किंवा मुलगी हट्ट धरून म्हणाली की मला हे स्वतः करून पाहायचे आहे, तर त्यातला धोका तुम्ही जरूर मोजा, अक्काने मोजला तसा. पण खर्चाच्या बाजूला फक्त बुडणारे वर्ष लिहू नका. जमेच्या बाजूला काय येऊ शकते, तेही लिहा. हिशेब दोन्ही बाजूंनी लिहिल्याशिवाय पुरा होत नाही, हे मी पंचवीस वर्षे कारकुनी करून सांगतो.